किती दातांचं आहे?

मंगळवारी सकाळी चावी फिरवली तर गाडी फक्त 'टक' म्हणाली. बॅटरीची क्लॅम्प ढिली झाली होती. नट दहा मिलिमीटरचा, आणि पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेला 46 नगांचा रॅचेट सेट डिकीतच. (रॅचेट म्हणजे आत दात असलेला पाना: एका दिशेला नट फिरवतो, उलट दिशेला नुसता 'कट् कट्' करत मागं येतो.) पाच मिनिटांचं काम.

पण बॅटरी आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये हँडल जेमतेम हलत होतं. हँडल मागं घेतलं की 'कट्' व्हायला हवं, ते होईना. नट माझ्याबरोबर पुढं यायचा आणि माझ्याबरोबरच मागं जायचा, करवलीसारखा.

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेत. निवृत्त झालेत ते फक्त पगारापुरते.

"किती दातांचं आहे?"

"काय?"

"रॅचेट रे. दात किती?"

मी म्हटलं, मोजले नाहीत. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पत्रिका न बघता मुलगी दिली होती. "मग मोज. पूर्ण एक फेरी, आवाज ऐकत."

आणि मी, चाळिशी उलटलेला, टाय लावलेला माणूस, पार्किंगमध्ये रॅचेट कानाशी धरून मोजायला लागलो. एकोणिसावर वॉचमन मामांचा फोन वाजला. "पहिल्यापासून," काका म्हणाले. दुसऱ्या खेपेला 24 भरले.

"तीनशे साठ भागिले चोवीस?"

"पंधरा."

"म्हणजे पंधरा अंश फिरल्याशिवाय तुझा कुत्रा पुढचा दात धरणार नाही." (रॅचेटमधल्या, दातात अडकणाऱ्या खटक्याला कुत्रा म्हणतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही असतो.) "आता जागा किती आहे ते बघू. चिन्मय! कंपासपेटी आण!"

नातू शाळेच्या गणवेशात कोनमापक घेऊन आला. काकांनी तो बॅटरीवर आडवा धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केलं, "बारा!" दूधवाला गाडी बंद करून थांबला. बहात्तर दातांचं असतं तर पाच अंशांत काम झालं असतं, एकशेवीसचं तर तीनमध्येच, हे त्यालाही समजावण्यात आलं. तो म्हणाला, "बरोबर आहे." त्याला काय बरोबर वाटलं, देव जाणे.

दात वाढले की बारीक होतात, मग जोर कोण सोसणार, असं मी विचारून पाहिलं. "कुत्रा एका वेळी जास्त दात धरतो. तू एकावरच अडकलायस."

खरा राग दुकानदाराचा. खोक्यावर '46 नग' एवढं ठळक, त्यातले निम्मे बिट मी जन्मात वापरणार नाही, आणि दात किती ते कुठंच नाही. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा साखर किती ते छापतात!

शेवटी मामा उठले. खोक्यातली लांब दांडी त्यांनी गोटी (नटावर बसणारं टोपण) आणि रॅचेटच्या मध्ये बसवली. हँडल पत्र्याच्या वर आलं आणि मोकळं गरागरा फिरलं. नट अर्ध्या मिनिटात आवळला. दांडी पहिल्यापासून खोक्यात होती. माझ्याच.

"तात्पुरतं ठीक आहे," काका म्हणाले. "पण बहात्तरचंच घे."

मीटिंगला चाळीस मिनिटं उशीर झाला. संध्याकाळी काका दारात उभे. "ते तुझं रॅचेट दे जरा, सिंकखाली काम आहे."

आज आठवा दिवस. दांडीही त्यांच्याकडेच आहे.