खुलासा : इन्सुलिन पंप आणि हॉटेलातलं जेवण

‘इन्सुलिन पंप लावलाय ना, मग हॉटेलात बिनधास्त खा, रक्तातली साखर पंप आपोआप सांभाळतो,’ असा मेसेज टाइप १ मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे आणि मुलांच्या जिवाशी संबंधित असल्यामुळे हे लिहिते आहे.

इन्सुलिन पंप म्हणजे शरीरात थोडं थोडं इन्सुलिन सोडत राहणारं छोटं यंत्र. ताटात काय आलं, हे त्याला कळत नाही. मिनिमेड ७८०जीसारखा, साखर मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेला पंप साखर पाहून इन्सुलिन कमी-जास्त करतो, हे खरं. पण जेवणात किती ग्रॅम कर्बोदकं आहेत, तो आकडा जेवणाआधी पंपात आपणच भरायचा असतो. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतही तसंच सांगितलं आहे. जलद इन्सुलिनला काम सुरू करायलाच साधारण १५ मिनिटं लागतात. साखर चढल्यावर पंप मागून धावतो, तोवर उशीर झालेला असतो.

हॉटेलात अडचण वाढते. ऑर्डर दिल्याबरोबर इन्सुलिनचा डोस घेतला आणि ताट अर्ध्या तासाने आलं, तर साखर घसरू शकते. पावभाजी, छोले-भटुऱ्यातल्या तेल-लोण्यामुळे ती दोन-तीन तासांनीही चढते. त्यासाठी अनेक पंपांत डोस विभागून द्यायची सोय आहे. आपल्या मुलासाठी ती कशी वापरायची, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

‘जेवताना पंप काढून ठेवा’ ही त्याच मेसेजमधली शेवटची ओळ तर फारच धोकादायक. पंपात दीर्घकाळ परिणाम करणारं इन्सुलिन नसतं. पुरवठा थांबला की काही तासांत रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर साठणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढू लागतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.