क्लच कव्हरची सेवा

लोखंड तसं सरळमार्गी. गंजलं की लाल होतं, पँटला लागतं, चारचौघांत बोभाटा करतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. ते गंजतं हेच मुळात मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. त्यामुळे मोटरसायकलच्या क्लच कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या कुशीवरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर, पहिला पांढरा ठिपका दिसला तेव्हा मी एका पक्ष्याला शिव्या घातल्या आणि फडकं घेऊन पुसायला बसलो. ठिपका हलेना. नखाने खरवडलं तर खडूसारखी भुकटी पडली आणि खाली सुईने टोचल्यासारखा खड्डा दिसला. हे पक्ष्याचं काम नव्हतं.

चष्मा वर करून जवळून बघितलं. ठिपक्यातून केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा निघाल्या होत्या, नागमोडी, एकमेकींना चुकवत लांबवर गेलेल्या. बोट फिरवलं तर वरून सगळं गुळगुळीत. म्हणजे रेघा कशाच्या तरी खाली होत्या. ते म्हणजे कारखान्यातून मारून आलेलं पारदर्शक लॅकर, हा उलगडा पुष्कळ नंतर झाला. इतकी वर्षं ज्याला मी धातूची चकाकी समजून पाहुण्यांना दाखवत होतो, ती लॅकरची निघाली. त्याला कधीतरी खडा लागला, टवका उडाला, तिथून पाणी शिरलं आणि भिंतीत वाळवी चालावी तशी हा गंज आतल्या आत चालत राहिला. बरं, मी माणूस काळजीवाहू. ओली गाडी घरी आणली की लगेच तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालून चारी बाजूंनी बांधायचो. आत गाडीला घाम फुटायचा, वाळवीची सोय व्हायची.

आता हे सगळं मी शहाण्यासारखं सांगतो आहे. त्या दिवशी मी फक्त एवढंच केलं, की उठलो आणि स्वयंपाकघरातली लोखंडी तारांची घासणी उचलली.

तासाभरात कव्हर असं लखलखलं की मी मुलीला बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यावर तपकिरी ठिपके. घासणीच्या तारांचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसले होते आणि आता ते आपल्या परीने गंजत होते. पांढरा रोग होताच, तांबडा मी स्वतः घरून नेऊन लावला.

"अहो, माझी घासणी कुठे आहे?" आतून आवाज आला. मी उत्तर दिलं नाही.

मग मी जालीम उपायाकडे वळलो. तुंबलेल्या पाइपासाठी आणलेलं एक औषध घरात होतं. बाटलीवर बारीक अक्षरात 'कॉस्टिक सोडा' असं लिहिलं होतं आणि ते अक्षर इतकं बारीक होतं की वाचायचं राहिलं. ओतल्याबरोबर फसफसून फेस आला. फेस म्हणजे स्वच्छता, हे लहानपणापासूनचे संस्कार. मी समाधानाने बघत बसलो. तो फेस मळाचा नव्हता हो. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच विरघळवत होतं आणि हायड्रोजन बुडबुड्यांनी निघून चालला होता. थोडक्यात, माझं क्लच कव्हर डोळ्यांदेखत विरघळून जात होतं आणि मी मनात म्हणत होतो, काय मळ साचला होता! पाणी मारलं तेव्हा जे उरलं होतं ते तव्याच्या बुडासारखं काळं होतं. काही थेंब ब्रेक लिव्हरवर उडाले होते. हौसेने बसवलेला निळा ॲनोडाइझ्ड लिव्हर. त्यावर आता कोड आल्यासारखे फटफटीत डाग.

इथे मी पहिल्यांदा वाचायला बसलो. ते आधी करायचं असतं.

तर ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं रे पडलं, की क्षणात स्वतःभोवती ऑक्साइडचा पापुद्रा विणून घेतं. जाडी किती, तर केसाच्या दहा हजाराव्या भागाएवढी. पण पापुद्रा भलता टणक. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे असतात तोच हा, रंग देणारी अशुद्धी वगळता. ॲनोडाइझिंग म्हणजे हाच पापुद्रा विजेच्या मदतीने मुद्दाम हजारो पट जाड वाढवायचा. लोखंडाचा गंज पोपडे धरून गळतो, मग आतलं उघडं पडतं, ते गंजतं. ॲल्युमिनियमचा गंज मात्र अंगाला चिकटून बसतो आणि आतल्याला सांभाळतो. त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे कडक आम्ल किंवा माझ्या कॉस्टिकसारखी कडक अल्कली. दोहोंत तो विरघळतो. दुसरी म्हणजे मीठ. मिठातलं क्लोराइड त्याला भोकं पाडतं आणि त्या भोकांतून पांढरी भुकटी वर येते. समुद्राचं मीठ, रस्त्यावरचं मीठ, आणि कव्हरवर प्रेमाने हात फिरवणाऱ्या मालकाच्या घामातलं मीठसुद्धा.

म्हणजे गाडीला तिचा स्वतःचा पहारेकरी होता आणि मी गेले दोन आठवडे त्यालाच बडवत होतो.

कव्हर काढून नीट काम करायचं ठरवलं. आठांपैकी सात स्क्रू निघाले. त्यांतल्या दोघांची तोंडं मी स्क्रू ड्रायव्हरने गोल केली, पण निघाले. आठवा हलेना. पोलादी स्क्रू, ॲल्युमिनियमचं घर आणि मध्ये खारट ओलावा, म्हणजे चक्क बॅटरीतल्यासारखा एक सेल तयार होतो, आणि त्या संसारात झिजायचं काम ॲल्युमिनियमकडे असतं. झिजताना जी भुकटी होते ती आट्यांमध्ये फुगून स्क्रूला असा आवळते की सिमेंटने काय आवळावं! माझ्या गाडीची बॅटरी दर महिन्याला बसायची, पण वीज प्रत्येक बोल्टात होती.

मेकॅनिककडे गेलो. त्याने काळ्या कव्हराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. आट्यांत गंज सैल करणारं तेल सोडलं, गरम हवेची बंदूक स्क्रूभोवती फिरवली. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे घर सैल होतं. मग त्याने स्क्रू सोडवायच्या आधी हळूच किंचित आवळला. कट्ट असा आवाज झाला. मग उलटा फिरवला आणि तो लोण्यातून निघावा तसा निघाला.

"नवे स्टेनलेसचे घालू या का? चमकतील," मी म्हणालो.

"घाला की. पण मीठपाण्यात तेही असंच धरतात. हे जस्त चढवलेलेच बरे. आणि घालताना आट्यांना ग्रीस लावा, साहेब. थोडं. पाव बरणी नको."

त्याने मला दोन मिनिटांत ओळखलं होतं.

पुढचे चार रविवार मी स्टुलावर बसून होतो. आधी पेंट रिमूव्हरने उरलेलं लॅकर काढलं. मग वॉटर पेपर, म्हणजे पॉलिश पेपरच, आकडा वाढेल तसा बारीक: ४००, ६००, ८००, १२००, २०००. पाण्यात बुडवायचा, ४००ने आडवं घासलं तर ६००ने उभं, म्हणजे आधीचे ओरखडे कुठे राहिलेत ते कळतं. हे तत्त्व उत्तम आहे. फक्त ४००चे ओरखडे ६००च्या वेळी दिसत नाहीत, ८००च्या वेळी दिसत नाहीत. २०००चा कागद झिजत आला आणि सूर्य कलला की हळूच तीन उगवतात. मग परत ४००. हातावरून कोपरापर्यंत राखाडी चिखल ओघळत असतो आणि मनात येतं, हा चिखल म्हणजेही क्लच कव्हर. गंमत म्हणजे कागदावरचे खरखरीत कण पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच असतात. मी ॲल्युमिनियमचा गंज ॲल्युमिनियमच्याच गंजाने घासत होतो.

शेवटी पॉलिश. फडकं काळं होतं, आणखी काळं होतं, आणि आपल्याला वाटतं अजून मळ निघतोय. तो मळ नसतो, धातूच असतो; फडकं शेवटपर्यंत काळंच होणार. कुठे थांबायचं ते स्वतःच ठरवायचं असतं, आणि तोच माझा कच्चा विषय.

चौथ्या रविवारी कव्हरात माझं तोंड दिसलं. मी फोटो काढायला फोन घेतला, तर फोन उघडेना. अंगठा टेकवला, पुसून टेकवला, दुसरा टेकवला. वॉटर पेपरने बोटांच्या रेघाच नेल्या होत्या.

"आता फोनसुद्धा ओळखत नाही तुम्हाला," बायको म्हणाली. घासणीचा हिशेब अजून मिटलेला नव्हता.

पॉलिश केलेली जागा उघडी ठेवली तर काही आठवड्यांत मंद पडते, म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी वॅक्स लावायचं किंवा परत लॅकर मारायचं. वॅक्स म्हणजे जन्माची सेवा. मी लॅकर निवडलं. थिनरने कव्हर पुसलं, हवेतली धूळ आधी जमिनीवर बसू दिली, श्वास रोखून तीन हलके थर दिले. सुकल्यावर बसवलं, स्क्रूंना ग्रीस, थोडं. आता गाडी साध्या पाण्याने धुतो, पुसतो, इंजिन गरम होईपर्यंत एक फेरी मारून कानाकोपऱ्यातलं पाणी वाळवतो. प्लॅस्टिकचं कव्हर टाकून दिलं, हवा खेळणारं आणलं. कॉस्टिकची बाटली घरच्यांनी लपवून ठेवली आहे.

परवा उन्हात बघताना क्लच कव्हरच्या एका कडेला लॅकरच्या आत एक लंबगोल डाग दिसला. थिनरने पुसल्यावर आणि लॅकर मारण्याआधी कधीतरी, नीट पुसलं गेलं ना हे बघायला, मी हात लावला असणार. घामाचा ठसा, वरून तीन थर देऊन जतन केलेला. रेघा नाहीतच, नुसता गुळगुळीत लंबगोल. आणि त्याच्या खालच्या टोकातून केसाएवढी एक पांढरी रेघ निघाली आहे, जेमतेम पाव सेंटिमीटर.

मुलगी शेजारी येऊन वाकली. "बाबा, हे काय?"

"माझी सही," मी म्हणालो.

तिने नीट निरखून पाहिलं. "अंगठाबहाद्दर," ती म्हणाली, आणि आत गेली.