सयामी सुनेला चार हिताच्या गोष्टी

ताई, थाई मुलाशी लग्न करून थायलंडला, म्हणजे जुन्या सयामला, नांदायला जाताय, फार चांगलं केलंत. तुमच्या जागी एखादा मराठी मुलगा थाई मुलीशी लग्न करून गेला असता, तर दरवर्षी मुक्काम वाढवून घेताना बँकेत ४ लाख बाट असल्याचा, नाहीतर महिना ४० हजार बाट मिळकतीचा पुरावा त्याला द्यावा लागला असता. तुम्हाला दमडी दाखवावी लागत नाही. नवरा थाई आणि बायको परदेशी असली की पैशाची अट लागूच होत नाही. पासबुक खुशाल कपाटात ठेवा.

असं का, हे मात्र विचारू नका. सवलत मिळाली की कारण विचारू नये, एवढं एसटीच्या अर्ध्या तिकिटानं आपल्याला शिकवलेलं आहेच. आणि विचारलंतच, तर परदेशात आल्यासारखं वाटणारच नाही. बाईला नवरा पोसतो, तिचं वेगळं काय बघायचं? हेच आपली आजी म्हणायची. तिथं ते सरकारी नियमात बसवलंय, एवढाच फरक.

आता कागद. भिक्खूंनी मंत्र म्हटले, मनगटाला पांढरे दोरे बांधले, सासूबाईंनी सोन्याची साखळी घातली, याला लग्न म्हणू नका. लग्न म्हणजे तालुका कचेरीतला, तिथल्या भाषेत आम्फोतला, दाखला. भारतात आधीच करून आला असाल तर त्या कागदाला दिल्लीचा शिक्का, थाई वकिलातीचा शिक्का, मग थाई भाषांतर, मग बँकॉकच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. एवढे शिक्के बसल्यावर लग्न पुसायचं म्हटलं तरी पुसलं जात नाही.

पण खरी मजा फोटोंत आहे. मुक्काम वाढवायच्या अर्जाला नवराबायकोचे घरातले फोटो लागतात. एक फाटकाशी, घराचा नंबर दिसेल असा. एक बैठकीत. एक स्वयंपाकघरात. काही ठिकाणी झोपायच्या खोलीतलाही मागतात. पलंगाच्या काठावर दोघांनी बसायचं आणि कांदेपोह्यांच्या दिवशी बसला होतात तितकंच अंतर ठेवून हसायचं. घर फार आवरू नका. आवरलेलं घर खोट्या लग्नासारखं दिसतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या फोटोत कडेनं सासूबाईंचा हात आणि पळी आली होती. मी म्हटलं, कापून टाकू. नवरा म्हणाला, राहू दे. इमिग्रेशनच्या कचेरीत टेबलापलीकडच्या बाईंनी नेमक्या त्याच हाताकडे बोट दाखवून विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, सासूबाई. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का उचलला. तेव्हा फोटोत पळी असू द्या.

सोबत घराचा नकाशा द्यायचा, हातानं काढलेला. मी चौकातलं सेव्हन-इलेव्हनचं दुकान काढलं, पुढे नूडलवालीची गाडी, मग आमची गल्ली. सेव्हन-इलेव्हन बघून त्यांनी विचारलं, कुठलं? खरंच आहे. बँकॉकमध्ये सेव्हन-इलेव्हनची खूण सांगणं म्हणजे पंढरपुरात तुळशीमाळवाल्याची खूण सांगण्यासारखं. शेवटी नूडलवालीच कामाला आली.

हे झालं की वर्षाची मुदत मिळते, १,९०० बाट फीमध्ये. वर्षाची म्हणजे नव्वद-नव्वद दिवसांच्या हप्त्यांनी. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, उशीर झाला तर २,००० बाट दंड. इमिग्रेशन हे तिथं पोलिसांचंच खातं असल्यामुळे याला हजेरी म्हणतात तेव्हा विनोद होत नाही. आपल्याकडे पोलीस ठाण्यात अशी हजेरी जामिनावर सुटलेला देतो. तिथं सून देते. उलट १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ झाला, तेव्हा आपला भाचा चार मित्रांसोबत उतरला, फुकेतला गेला, भाजून लाल झाला आणि परत आला. त्याला कुणी नकाशा काढायला लावला नाही.

घर सासूबाईंच्या नावावर असेल तर आणखी एक सोहळा. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकानं २४ तासांच्या आत वर्दी द्यायची असते. माप ओलांडलं, आत आलात, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई फॉर्म भरून पोलिसांना कळवतात की सून आली बरं का. पूर्वी माहेरून परतल्यावरही हे पुन्हा करावं लागे. २०२० पासून परतीचा परवाना घेऊन गेलेल्यांना त्याच पत्त्यासाठी यातून सूट मिळाली. बिचाऱ्या सासूबाईंचा एक विरंगुळा गेला.

हो, परतीचा परवाना. माहेरी जायचं तर आधी तो काढा. एकदाचा १,००० बाट, वर्षभरात कितीही वेळाचा ३,८००. विसरून विमानात बसलात तर वर्षाची मुदत त्याच क्षणी रद्द, आणि पुन्हा पलंगाच्या काठावर. आपल्या ओव्यांतल्या बाया माहेरी जायला सासऱ्याची परवानगी मागत. तुम्ही परत यायची आधी मागा. म्हणजे प्रगती आहे.

नोकरी करावीशी वाटेल. मुळीच करू नका. लग्नानं राहायला मिळतं, काम करायला नाही. त्याला वेगळा परवाना. शिवाय काही कामं फक्त थाई लोकांसाठी राखीव: केस कापणं, थाई मालिश, टूर गाइड, चटया विणणं, भिक्खूंची भिक्षापात्रं बनवणं, हातानं सिगारेट वळणं. यातलं शेवटचं तुमच्या मनात होतं की काय कोण जाणे. असलं तर काढून टाका. जमीनही घेऊ नका. नवऱ्याच्या नावानं घेतलीत तर जमीन कार्यालयात सही करून द्यायची की ही सगळी रक्कम त्याची स्वतःची आहे, माझा यात संबंध नाही. मंगळसूत्र मोडून पैसे दिले असतील तर सहीच्या दिवशी गळ्याकडे हात नेऊ नका.

मग येतं नागरिकत्व, आणि इथं तुमचा मान बघा. परदेशी जावयाला आधी काही वर्षं परवान्यावर नोकरी करून, कर भरून, पगार दाखवून अर्ज करावा लागतो. तुम्ही १९६५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाखाली थेट अर्ज करता. लग्नाला ३ वर्षं झालेली असावीत. मूल असेल तर १ वर्ष पुरतं. म्हणजे बाळानं तुमची दोन वर्षं वाचवली, याबद्दल त्याला मोठेपणी टोमणे मारायला हरकत नाही. पगार बघतात तो नवऱ्याचा: खासगी नोकरीत महिना २० हजार बाट, सरकारी असेल तर १५ हजार. तुम्ही पीएचडी असा नाहीतर विमान चालवत असा, त्या रकान्यात तुमचं काही लिहायचं नसतं. मुलाखतीला जाल तेव्हा नवऱ्याला घेऊन जा. तुम्ही कोण आहात ते त्यांना त्याच्यावरूनच समजतं.

पूर्वी तर हेही लागत नसे. १९१३च्या कायद्याप्रमाणे सयामी पुरुषाशी लग्न केलेली परदेशी बाई आपोआप सयामी ठरे. तिला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. त्याआधी १९०६ मध्ये सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांचे पुत्र चक्रबोंगसे यांनी रशियात शिकायला असताना भेटलेल्या कात्या देस्नित्स्काया हिच्याशी गुपचूप लग्न केलं. मायदेशी येताना मात्र तिला सिंगापुरात ठेवून आधी एकटेच घरी गेले. राजपुत्र असो की रत्नागिरीचा राजू, आईबाबांना सांगायची वेळ आली की बायको स्टेशनवर थांबते.

तर अर्ज करा आणि विसरून जा. कागद पोलिसांच्या विशेष शाखेतून गृह मंत्रालयात आणि तिथून राजपत्रात जातो. बाळ त्या काळात शाळेत जाऊ लागतं. नाव छापून आलं की पिवळ्या घरपुस्तकातून, म्हणजे घरात कोण राहतं त्याच्या सरकारी नोंदवहीतून, निळ्या घरपुस्तकात जाता आणि परदेशी माणसाचं गुलाबी ओळखपत्र परत देता. पिवळं परक्यांचं, निळं घरच्यांचं. आपल्या रेशन कार्डांत पिवळं गरिबाचं आणि पांढरं सुखवस्तूचं, तसंच. एक मात्र लक्षात ठेवा: लग्नात खोटं सांगितलं असं ठरलं, किंवा राष्ट्राचा अवमान झाला, तर बायको म्हणून मिळालेलं हे नागरिकत्व काढून घेता येतं, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

त्याच दिवशी भारतीय पासपोर्टही गेलेला असतो. आपलं सरकार दुसरं नागरिकत्व चालवून घेत नाही. बदल्यात परदेशी झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर माहेरी कितीही दिवस राहा, मत देऊ नका, शेतजमीन विकत घेऊ नका. म्हणजे इतकी वर्षं थायलंडमध्ये जमीन घेता येत नव्हती, ती आता घेता येते, आणि गावाकडे सातबाऱ्यावर खरेदीनं नाव लागायचं ते आता लागत नाही. एकूण हिशेब तोच राहिला, फक्त भावाला झोप चांगली लागते.

यावर कुणी थाई लोकांना नावं ठेवू लागलं तर हळूच सांगा, की भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला आपण नोंदणीसाठी ७ वर्षं इथं राहायला लावतो. सप्तपदीचं एकेक पाऊल वर्षभर पुरवतो.

थाईत आपल्यासारख्यांना 'खेक' म्हणतात. शब्दाचा अर्थ पाहुणा. निळं पुस्तक आलं, ओळखपत्र आलं, तरी भाजीवाली खेकच म्हणते, आणि वर दोन मिरच्या जास्त टाकते. त्या घ्या. आणि हो, नकाशाची झेरॉक्स जपून ठेवा. पुढच्या वर्षी नूडलवालीनं गाडी हलवली, तर सगळं नव्यानं काढावं लागतं.