रबर बँडच्या नावाखाली नक्की काय विकताय?

रबर बँडकडून माझी अपेक्षा एवढीच की ताणला तर ताणला जावा आणि सोडला की परत मूळच्या आकारात यावा. त्याला दुसरं कामच नाही! आणि तेवढंही ज्याला जमत नाही असला माल मुंबईभर वजनावर विकला जातोय. गठ्ठ्याला दुसरा वेढा द्यायला जावं तर फटकन तुटतो आणि डोळ्याशेजारी उडतो. नवंकोरं पाकीट, आजच फोडलेलं!

परवा माळ्यावरून सोसायटीच्या कागदांचा गठ्ठा काढला. सासूबाईंनी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या मेंटेनन्सच्या पावत्या, जुनी वीजबिलं आणि मध्ये शेअर सर्टिफिकेट. वरचे रबर इतके कडक झालेले की हात लावताच तुकडे पडले. खालचे वितळून कागदात मुरलेले, पिवळट-तपकिरी, चिकट. नखाने हलकेच सोडवायला घेतलं तर सर्टिफिकेटचा कोपराच त्याच्याबरोबर निघून आला, नेमका शिक्क्याचा. आता कमिटीकडे अर्ज करा, बाँड लिहून द्या, सेक्रेटरींच्या मागे फिरा. कशापायी? तर एका फडतूस रबरापायी.

दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "ताई, आपल्याकडची हवाच दमट. रबर टिकणार कसा?"

हवेवर ढकलून मोकळे! अहो, रबर म्हणजे लांबच लांब साखळ्या असलेले रेणू, गुंता झालेल्या दोऱ्यासारखे. ताणलं की ते सरळ होतात, सोडलं की पुन्हा गुंत्यात जातात. कच्च्या रबरात त्या साखळ्या एकमेकींवरून घसरतात. गंधक घालून तापवलं की त्यांच्यात टाके पडतात, म्हणून रबर परत जागेवर येतो. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं. स्टीफन पेरीने लंडनमध्ये रबर बँडचं पेटंट १८४५ साली घेतलं. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ माहीत असलेली गोष्ट आहे ही! हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन या साखळ्या तोडतात, ऊन आणि उष्णता त्याला हातभार लावतात, हे मलाही कळतं. कुठे साखळ्या तुटून रबर चिकट होतो, तर कुठे जास्तीचे टाके पडून तो कडक होऊन तडकतो. कोणताच रबर जन्मभर टिकत नाही, कबूल. पण हा ऱ्हास लांबवणारी रसायनंही कारखान्यांना ठाऊक आहेत. ती वगळायची, रबर कमी घालायचा, खडूची भुकटी वाढवायची, वर गुलाबी-हिरवा रंग द्यायचा आणि मग आमच्या हवेला नावं ठेवायची? देशातला बहुतेक रबर आपल्याच केरळात पिकतो. कच्चा माल काही चंद्रावरून आणायचा नाहीये.

हॉटेलवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. सांबाराच्या पिशवीच्या मानेला इतके करकचून वेढे देतात की सुटायचं नावच नाही. शेवटी कात्री लावायची, आणि गरम सांबार ओट्यावर. चटणीच्या एवढ्याशा पुडीलाही तेच.

पण सगळ्यात जास्त संताप आला तो पैंजणांचा. लेकीचे चांदीचे पैंजण सराफाच्या दुकानातून पॉलिश करून आणले. त्यांनी जोडी एकत्र राहावी म्हणून वर रबर चढवून दिला. चांदीचा धंदा करणाऱ्या माणसाने! रबरातलं गंधक चांदीला काळं करतं, हे त्याला माहीत नसावं? डबी उघडली तर रबर जिथे टेकला होता तिथे बरोबर तेवढ्याच रुंदीचा काळा पट्टा, दोन्ही पैंजणांवर. घुंगरांच्या खाचांत तर ब्रशही पोचत नाही. पोर हिरमुसली, लग्नाला तसेच घालून गेली.

दुधाच्या पिशवीवर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. मग रबर बँडच्या पाकिटावर तो कधी बनला आणि त्यात रबर किती, हे ठळक छापायला काय हरकत आहे? गोदामात दोन उन्हाळे शिजलेला माल आहे की ताजा, हे आम्ही ओळखायचं कसं? अब्दुल रेहमान स्ट्रीटला ठोकात घ्या नाहीतर नाक्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे, पाकीट पारदर्शक आणि माहिती शून्य.

घरातले झाडून सगळे कागद सोडवून मी सुती नाडीने बांधलेत. पैंजण मलमलच्या फडक्यात गेले. आणि ते उरलेलं पाकीट उद्या त्याच दुकानात, त्याच काउंटरवर परत जाणार आहे. पैसे घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.