लिहून घेतल्याने ज्ञान संस्थेत राहत नाही

‘निवृत्तीआधीच्या महिन्यात अनुभवी माणसाकडून सगळं लिहून घ्या, म्हणजे त्याचं ज्ञान संस्थेत राहील’ हे निवृत्त होणाऱ्यांचं ज्ञान जपण्यावरच्या एका लेखातलं विधान मला मुळीच पटलं नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्येच मांडलं होतं की माणसाला जे माहीत असतं, ते सगळं त्याला सांगता येत नाही. मी यंत्रांच्या देखभालीत काम केलं आहे. आमचे ज्येष्ठ फिटर पंपाच्या बेअरिंगवर हात ठेवून ते किती टिकेल याचा अंदाज घेत. त्यांच्याकडून लिहून घेतलेल्या कागदावर काय आलं? ‘कंपन वाढल्यास तपासावे.’ वाढलं म्हणजे किती, हे कळलं ते फक्त त्यांच्याबरोबर पाळ्या केलेल्या मुलांना! तो कागद कुणी पुन्हा उघडल्याचं मला आठवत नाही.

कॉपियर यंत्रं बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीचं उदाहरण लेखात हवं होतं. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचं काम जवळून पाहिलं. मॅन्युअल हाताशी असूनही अवघड बिघाड सुटत ते एकमेकांना सांगितलेल्या किश्शांतून. पुढे कंपनीने ‘युरेका’ ही प्रणाली आणली. तिच्यात तंत्रज्ञांनीच युक्त्या लिहायच्या, सहकाऱ्यांनी तपासायच्या आणि लिहिणाऱ्याचं नाव सोबत राहायचं. म्हणजे लिहिण्याला माझा विरोध नाही, पण काम करणाऱ्यांनी काम चालू असताना लिहिलेलंच उपयोगी पडतं. निवृत्त होणाऱ्याच्या जागी येणारा माणूस निदान काही महिने आधी नेमा. दोन पगार एकदम द्यावे लागतात म्हणून हेच टाळलं जातं, आणि लेखात त्या खर्चाचा उल्लेखही नाही.