टोपीचा फॉल्ट

रविवारी सकाळी पावणेसातला, दहा-बारा माणसांसमोर, माझ्या टोपीने फॉल्ट केला. मी नाही. टोपीने. पॉइंट मात्र माझा गेला.

आमच्या सोसायटीत बॅडमिंटनचं एकुलतं एक कोर्ट होतं. गेल्या एजीएममध्ये, मी बटाटेवडा घ्यायला उठलो तेवढ्यात, ते पिकलबॉलचं झालं; पॅडल नावाच्या बॅटीने भोकांचा प्लॅस्टिक बॉल मारायचा तो खेळ. दोन्हींचं बाहेरचं माप एकच, ४४ बाय २० फूट, त्यामुळे खर्च फक्त रंगाचा, असं सेक्रेटरी म्हणाले. फक्त रंगाचा! पाच फुटांवरचं नेट मधोमध ३४ इंचांवर आलं, म्हणजे माझ्या कमरेखाली, त्याचा हिशोब कुठल्या खात्यात? आणि हे कुठे, तर पुण्यात. साहेबलोक बॅडमिंटनला 'पूना' म्हणायचे, हे आपण आल्या-गेल्या पाहुण्याला ऐकवत आलोय. आता त्याच पुण्यात माझी रॅकेट माळ्यावर, पाटा-वरवंट्याशेजारी.

तरीही गेलो. बायकोने फॉर्म भरला होता.

तर घोळ रेघेचा आहे. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिसची रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर. पिकलबॉलची सात फुटांवर. नेट आणि ही रेघ यांच्यामधल्या पट्ट्याला 'किचन' म्हणतात. तिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारायचा नाही. नवी रेघ पिवळी. जुनी पांढरी तिच्याआड अजून फिकट दिसते, आणि माझे पाय वीस वर्षं पांढरीमागे उभे राहिलेत. पायांना एजीएमचे ठराव कळत नाहीत. त्यामुळे मी कायम सहा इंच किचनमध्ये.

हे सहा इंच हेरले बी विंगच्या काकूंनी. काकू खेळत नव्हत्या, त्यांचा स्लॉट सातचा. वय ७१, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर मुलाने सिएटलहून पाठवलेलं पॅडल. सिएटलसमोरच्या बेनब्रिज बेटावर १९६५ मध्ये हा खेळ निघाला. काकू फेरीबोटीने तिथे जाऊन आल्यात आणि पंढरपूरला जाऊन आल्यासारखं सांगतात.

"किचन!" काकू ओरडल्या.

"काकू, पाय रेघेच्या मागे होता."

"कुठल्या?"

"पांढऱ्या."

"ती गेली रे आता. पिवळी बघ."

पिवळी बघितली. पुढचा बॉल पिवळीच्या चांगला हातभर मागून हवेतल्या हवेत उडवला, तोल गेला, सावरला, पाय जागच्या जागी. फक्त टोपी पुढे जाऊन पडली.

"किचन!"

"आता काय?"

"टोपी."

"टोपी कुठे खेळतेय?"

"डोक्यावर कुणाच्या होती? हवेतला बॉल मारताना अंगावरचं काहीही आत पडलं की फॉल्ट. चष्मा पडला असता तरी."

"आणि कवळी?" मी चिडून विचारलं.

काकूंनी खरोखर विचार केला. "कवळीसुद्धा," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आमचा ग्रुप तोंड मिटून खेळतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तो माझाच पार्टनर होता.

स्कोअरबद्दल बोलायलाच नको. गेम सुरू होतो तोच 'शून्य-शून्य-दोन'वर. दोन काय? तर दुसरा सर्व्हर. पहिला कुठे गेला? पहिला नसतोच. हे मला सगळ्यांनी इतक्या प्रेमाने समजावलं की मला शाळेतलं भागाकाराचं गणित आठवलं.

मला खरा राग टोपीचा नाही. हा खेळ शोधला कशासाठी, तर सुट्टीत कंटाळलेल्या पोरांसाठी. हे काकूच सांगतात. बेटावर बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण सामान पुरेसं सापडेना, म्हणून बापांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिक बॉल घेतला आणि पोरांची सोय केली. आमच्याकडे पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते दहा मोठ्यांचे स्लॉट. पोरांना दुपारी बारा ते दोन. मे महिन्यात. पार्किंगमध्ये क्रिकेट खेळायला बंदी आहेच, गाड्यांच्या काचा फुटतात म्हणून. आणि आमच्या बॉलची ती टॉक-टॉक पहाटेपासून ऐकून ए विंगमधलं तान्हं बाळ उठतं, ते चालतं.

माझा पुढचा फटका कोर्टाभोवतीच्या जाळीवरून बाहेर गेला. सायकल धरून उभ्या असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराने बॉल उचलला, पण दिला नाही.

"काका, आम्हाला कोर्ट कधी मिळणार?"

"सेक्रेटरी काकांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, खेळणाऱ्यांना विचार."

मी जाळीला बोटं अडकवून उभा राहिलो. मागून काकूंचा आवाज आला, "तीन-सात-एक! बॉल घे ना लवकर त्याच्याकडून, सातला आम्ही येणार आहोत."