बाराव्या खेळाडूला नोटीस

‘दुर्हेतूने नोंदवलेले डोमेन.’ माझ्या वेबसाईटच्या पत्त्याबद्दलचे हे शब्द वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. दुर्हेतू! अकरा वर्षं रात्री जागून एका फुटबॉल क्लबच्या सामन्यांचे जुने तपशील गोळा करणाऱ्या माणसाचा दुर्हेतू! कुठल्या सामन्यात कोण बदली म्हणून उतरला, कुणाला कितव्या मिनिटाला पिवळं कार्ड मिळालं, पावसामुळे अर्धवट राहिलेला सामना पुन्हा कधी खेळवला, हे सगळं कात्रणांतून आणि पिवळ्या पडलेल्या सामनापत्रिकांतून शोधून टाईप करत बसलो. त्यासाठी बायकोची बोलणी खाल्ली, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. आणि आता लीगच्या वकिलांची चार पानी नोटीस येते, की तुम्ही आमच्या ट्रेडमार्कचा गैरवापर करून जनतेची दिशाभूल करत आहात. दहा दिवसांत डोमेन आमच्या नावावर करा, नाहीतर बघून घेऊ.

बघून घेऊ असं लिहिलेलं नाही अर्थात. तिथे लिहिलंय, ‘आमच्या अशिलाचे सर्व हक्क राखून ठेवण्यात येत आहेत.’ अर्थ तोच.

आधी त्या ‘दिशाभूल’ शब्दाचा समाचार घेतो. माझ्या साईटच्या अगदी वरच्या पट्टीत, क्लबच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘चाहत्यांची अनधिकृत वेबसाईट’. तळाशी पुन्हा तेच. ‘आमच्याबद्दल’ या पानावर तिसऱ्यांदा. साईटचं रूप म्हणाल तर असं, की ते पाहून हे एखाद्या श्रीमंत क्लबचं काम असेल असं शेंबडं पोरही म्हणणार नाही. करड्या रंगावर निळी अक्षरं, एक डुगडुगणारा मेन्यू, आणि मोबाईलवर उघडलं तर तक्ते स्क्रीनच्या बाहेर पळायचे. अकरा वर्षांत एकाही माणसाने मला तिकीट मागितलं नाही, जर्सीचा साईज विचारला नाही, की प्रशिक्षकाला हाकला म्हणून तक्रार पाठवली नाही. लोक लिहायचे ते चुका दाखवायला. ‘त्या सामन्यात दुसरा गोल हेडरने नव्हता, मी तिथे होतो.’ मग मी दुरुस्त करायचो. एवढाच माझा धंदा.

धंद्यावरून आठवलं, माझीही एक चूक कबूल करतो. होस्टिंगचा खर्च निघावा म्हणून तीन वर्षं कडेला एक जाहिरातीची चौकट ठेवली होती. खर्चही पुरता निघाला नाही तो भाग वेगळा, पण वकिलांनी नेमका तिचाच स्क्रीनशॉट काढून नोटिशीला जोडलाय, वर लाल चौकोन काढून. डोमेनच्या भांडणात ही चौकट महागात पडते. डोमेनच्या भांडणांत फॅनसाईटबद्दल निवाडे देणाऱ्या पंचांची साधारण भूमिका अशी, की साईट खरोखर चालू असावी, तिथे चाहत्यांचाच मजकूर असावा, ती अधिकृत साईटपेक्षा स्पष्टपणे वेगळी दिसावी, आणि तिच्यातून कमाई नसावी. पहिल्या सगळ्या गोष्टी माझ्याकडे होत्या. शेवटच्या एकीत अडकलो. आणि डोमेनचं नाव हुबेहूब क्लबचंच असेल, पुढे-मागे ‘फॅन’ वगैरे काही नसेल, तर पंचांचं मत आणखी कडक होतं. माझ्या डोमेनमध्ये क्लबच्या नावापुढे ‘संग्रह’ अशा अर्थाचा शब्द होता. नोटीस म्हणते, त्या शब्दाने काही फरक पडत नाही. तो शब्द म्हणजे माझं सगळं काम होतं, आणि त्याने काही फरक पडत नाही!

आता ही डोमेनची व्यवस्था कशी आहे ते ऐका. १९९९ पासून जगभरच्या डॉट कॉमसारख्या नावांसाठी एक ठरावीक तक्रारपद्धत आहे. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याला त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं आहे. जिनिव्हातल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार नेली तर एका पंचासाठी फी १,५०० डॉलर. लीगसाठी हा आकडा म्हणजे एका सामन्याला उधळलेल्या कागदी फुलांचा खर्चसुद्धा नसेल. तुम्हाला उत्तर द्यायला वीस दिवस. एका पंचावर भरवसा नसेल आणि तीन हवे असतील, तर मिळतील की! मग फी ४,००० डॉलर, आणि मागणी तुमची असेल तर त्यातले निम्मे तुम्ही भरायचे. म्हणजे माझ्याच साईटचं नाव माझ्याकडे राहावं म्हणून मी दोन हजार डॉलर मोजायचे, वकील वेगळा.

खरी गंमत पुढे आहे. समजा पंचांनी म्हटलं की तक्रारच बदमाशीची आहे, दुसऱ्याचं नाव हिसकावण्यासाठी केलेली आहे. असं निकालात लिहिण्याची सोय नियमांत आहे, त्याला उलटं अपहरण अशा अर्थाचं भारदस्त नावही आहे. शिक्षा? शून्य. दंड नाही, तुमचा खर्च परत नाही. निकालात एक वाक्य येतं आणि सगळे आपापल्या घरी जातात. मैदानात मुद्दाम पडून पेनल्टी मागणाऱ्याला निदान पिवळं कार्ड तरी दाखवतात हो!

आणि इतकं करायची वेळही सहसा येत नाही, कारण नुसत्या पत्रानेच काम होतं. माझ्या नोटिशीत अमेरिकेच्या १९९९ च्या सायबरस्क्वॅटिंगविरोधी (म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं डोमेन अडवून बसण्याविरुद्धच्या) कायद्याचा हवाला होता आणि त्यातला आकडा ठळक अक्षरांत: एका नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई. यातला खालचा आकडा कुणाला दिसतो? वकिलालाही हे पक्कं ठाऊक असतं की हा कायदा ज्यांनी नावं विकून पैसा उकळायचा धंदा मांडला त्यांच्यासाठी आहे. अशा लोकांची नावं शेकड्यांनी असतात, पत्ते खोटे असतात, ते सापडत नाहीत. माझा पत्ता मात्र ‘संपर्क’ पानावर, माझ्या खऱ्या नावासकट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता लीगची सगळ्यात आवडती सबब. ‘आम्हाला वाईट वाटतं हो, पण नाव जपलं नाही तर कायद्याने आमचा हक्क जातो.’ ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की चाहतेसुद्धा मान डोलावतात. यात तथ्य आहे, पण थोडंच. कुणीही उठून तुमच्या नावाने जर्सी विकतोय आणि तुम्ही वर्षानुवर्षं गप्प बसलात, तर नाव कमजोर होतं, मान्य. पण एखाद्या क्लबबद्दल लिहिताना त्या क्लबचं नाव घेणं हा ट्रेडमार्कचा भंगच नाही. अमेरिकेत एका पॉप बँडने दोन वृत्तपत्रांवर असाच दावा लावला होता, बँडबद्दल वाचकांचा कौल घेताना नाव वापरलं म्हणून. १९९२ साली बँड अपिलात हरला. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचं नाव न घेता बोलायचं कसं, असं साधं तर्कशास्त्र. आमच्या क्लबबद्दल मी काय लिहायचं होतं, ‘तो अमुक रंगाचा संघ’? आणि इतकीच काळजी असेल तर चाहत्याला एका पानाचा फुकट परवाना द्या, त्यात चार अटी घाला. हक्कही राहील, माणूसही राहील. पण परवान्याचं पत्र टाईप करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात धमकीचं पत्रही टाईप होतं, आणि बिल बहुधा दुसऱ्याचंच मोठं होत असावं.

माझी नोटीस एवढ्यावर थांबत नाही. तिसऱ्या पानावर म्हटलंय की सामन्यांची ‘आकडेवारी’ही लीगची मालमत्ता आहे. इथे मात्र मी मोठ्याने हसलो. चालू सामन्याचा स्कोअर पेजरवर पाठवला म्हणून एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगने मोटोरोला कंपनीवर केलेला दावा १९९७ साली अपिलात फसला. फॅन्टसी बेसबॉलवाल्यांनी (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बनवण्याचा खेळ चालवणाऱ्यांनी) खेळाडूंची नावं आणि आकडे वापरले, त्यांच्याविरुद्धचा वाद २००७ साली अपिलात बेसबॉल लीगच्या कंपनीवर उलटला. निकाल अमेरिकेतले, प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, हे मला कळतं. पण गोल कितव्या मिनिटाला झाला ही घडलेली गोष्ट आहे. ती सगळ्या स्टेडियमने पाहिली. ती कुणाची मालमत्ता कशी होईल?

आणि मालमत्तेचा एवढा कळवळा असेल तर जपायची होती ना. लीगने आपली वेबसाईट दोनदा नव्याने बांधली आणि दोन्ही वेळा जुन्या हंगामांची पानं उडाली. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा लीगच्याच समाजमाध्यमं सांभाळणाऱ्या कुणाचा तरी मला ईमेल आला होता, की अमुक अंतिम सामन्याचा पूर्ण संघ तुमच्याकडे आहे का, उद्या पोस्ट टाकायची आहे. मी रात्री बारा वाजता पाठवला. बदली खेळाडूंसकट. पोस्ट झळकली, खाली लिहिलं होतं ‘आमच्या संग्रहातून’.

शब्दांवरची ही मालकी कुठवर जाते बघा. चाहत्यांना ‘बारावा खेळाडू’ म्हणतात. आपल्या क्रिकेटमधला पाणी नेणारा नव्हे. अकरा मैदानात आणि बारावा म्हणजे गर्दी, तो. तर इंग्रजीतला हा शब्दप्रयोग अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने १९९० मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवला आहे. त्यांची १९२२ सालची एक हृद्य कथा आहे त्यामागे, ती खोटी म्हणत नाही. पण सिॲटलच्या सीहॉक्स या अमेरिकन फुटबॉल संघाने आपल्या प्रेक्षकांना तेच म्हटलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये पैसे मोजून परवाना घेण्यावर मिटलं. चाहता या शब्दाचंच भाडं!

न्यू ऑर्लिन्सचे लोक आपल्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी पिढ्यानपिढ्या ‘हू डॅट’ म्हणून ओरडायचे. २०१० मध्ये त्यांचा संघ पहिल्यांदाच सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, पोहोचला आणि त्याच जानेवारीत एनएफएल या त्यांच्या लीगची पत्रं टी-शर्टवाल्यांच्या दारात. एवढी बोंब झाली की तिथल्या एका सिनेटरने मीच टी-शर्ट छापतो, करा माझ्यावर दावा, असं लिहून पाठवलं, आणि लीग मागे सरली. त्याआधी ‘द बिग गेम’, म्हणजे ‘मोठा सामना’, हे शब्दसुद्धा याच लीगने २००६ मध्ये नोंदवायला काढले होते. लोक ‘सुपर बोल’ म्हणायला घाबरून तसं म्हणत होते, तर तेही हवं. पुढच्या वर्षी अर्ज सोडून द्यावा लागला. आणि लिव्हरपूल क्लबने २०१९ मध्ये ‘लिव्हरपूल’ हेच नाव फुटबॉलपुरतं नोंदवायचा प्रयत्न केला. अख्ख्या शहराचं नाव! सरकारी कार्यालयाने, हे गावाचं नाव आहे म्हणून, नकार दिला.

लंडनच्या आर्सेनल क्लबने एका विक्रेत्यावर लावलेली केस मात्र मला अजून टोचते. मॅथ्यू रीड १९७० पासून हायबरी मैदानाबाहेर टोप्या-स्कार्फ विकत होता, स्टॉलवर पाटी लावून, की हा माल अधिकृत नाही. तो माल विकत होता, मी काही विकत नाही, फरक मोठा आहे. पण पहिल्या न्यायाधीशाने जे म्हटलं ते मला आवडतं: गळ्यात ती अक्षरं घालणारा माणूस माल कुठून आला हे सांगत नसतो, आपण कुणाचे आहोत हे सांगत असतो. पुढे युरोपच्या कोर्टाने २००२ मध्ये आणि इंग्लंडच्या अपील कोर्टाने २००३ मध्ये क्लबच्या बाजूने कौल दिला. म्हणजे निष्ठा तुमची, तिचं चिन्ह त्यांचं.

मी लढलो का? नाही. हेच खरं तर मला जास्त चावतंय. ओळखीच्या एका वकीलबाईंनी नोटीस वाचली आणि म्हणाल्या, ‘अहो, यातलं निम्मं टिकणार नाही. पण निम्मं न टिकण्यासाठी तुम्हाला दोन वर्षं आणि एक स्कूटर विकावी लागेल.’ नवव्या दिवशी मी डोमेन सोडलं. सहीसकट एक कबुलीपत्र मागत होते, की मी भविष्यात त्या नावाचा वापर ‘कोणत्याही माध्यमात’ करणार नाही. त्यावर सही केली नाही, तेवढीच काय ती मर्दुमकी. जुन्या पत्त्यावर आता क्लबचं दुकान उघडतं. माझ्या सगळ्या जुन्या दुव्यांवर टिचकी मारली की जर्सीच्या सवलतीची जाहिरात येते. १९८० च्या दशकातल्या सामन्यांचे संदर्भ म्हणून कितीतरी ठिकाणी ते दुवे दिलेले होते.

साईट नव्या नावाने सुरू केली. क्लबचं नाव नको, शहराचं नको, रंगांचं नको, टोपणनाव नको, असं करत करत शेवटी एक गुळगुळीत, कंपनीसारखं नाव उरलं. भाच्याने कीव येऊन नवीन डिझाईनही करून दिलं, एकदम झकपक. शोधणाऱ्यांना ती सापडत नाही, जुने वाचक निम्म्याहून कमी झाले.

आणि गेल्या आठवड्यात, अकरा वर्षांत पहिल्यांदा, एका गृहस्थांचा ईमेल आला. पुढे ढकललेल्या सामन्याच्या तिकिटाचे पैसे अजून परत का मिळाले नाहीत म्हणून मला झाडलंय. काल दुसरा आला. त्यांना हंगामी पासवर स्टँड बदलून हवाय.